लिंबोणीला घाम आला

आमचे दाजी आयुष्यात कुणापुढे हरले असतील तर ते एका नारळाच्या झाडापुढे. अक्काचे यजमान म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहेच, त्याहून जास्त धाक आहे. रांजणगावच्या एका कंपनीत पंप आणि पायपा सांभाळण्यात त्यांची उमर गेली. निमोण्याला घरच्या अंगणात खुर्ची टाकून बसले की ते समोरच्या नारळाकडे, कालच्या पोरानं चीत केलेला पैलवान बघेल तसे बघतात. "पाव्हणं, पंप वर ठिवून खालचं पाणी वढायचं म्हनलं तर तीस फुटाच्या वर येत न्हाई. कितीबी भारीतला असू द्या. आन् ह्यो बाबा पन्नास फुटावर शहाळी भरतोय. मोटर न्हाई, लाईट न्हाई, आवाज तर बिलकूल न्हाई." शाळेत 'केशाकर्षण' लिहून मी दोन मार्क मिळवले होते, त्या भांडवलावर मी तो शब्द पुढे केला. कुणी चुकीचा नटबोल्ट आणून द्यावा तसा दाजींनी तो निरखला. "त्येनं हातभर चढंल. म्होरं?" म्होरचं मला कधीच आलं नव्हतं.

ते दाजींनीच शोधलं. फांदीला पारदर्शक पिशवी घालायची, तोंड सुतळीनं आवळायचं. दुपारपर्यंत आत थेंब. "पानं घाम गाळत्यात. तो उडाला की मागचं पाणी वर वढलं जातं. ह्येंचा पंप वर हाय, पाव्हणं. आन् नळ्या केसाहून बारीक, त्यात पाण्याची दोरी तुटत न्हाई." मग अंगणभर पिशव्या लटकल्या. येणारेजाणारे कसला नवस म्हणून विचारू लागले. दौंडला माझ्याकडे आले की चहाच्या आधी ते माझ्या हातातला पाइप काढून घेतात. "बुंध्याला काय घालताय? मुळ्यांची प्यायची तोंडं तिकडं, फांद्यांच्या टोकाखाली. जेवायला बसलेल्या माणसाच्या पाठीवर आमटी वतल्यागत करताय."

गेल्या हिवाळ्यात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि अक्काच्या दारची लिंबोणी मध्ये आली. ती अक्कानं मांडवगणहून, आईच्या परसातून, बोटभर रोप असताना आणलेली. आई गेली, ते घरही विकलं. अक्काचं माहेर म्हणजे आता तेवढं झाड. दाजी म्हणाले, हलवू. दोन दिवस खणून त्यांनी मुळ्या मातीसकट ओल्या गोणपाटात बांधल्या. त्यातलं एक टोक मी धरलं होतं. कंबर अजून सांगते. झाड मागल्या अंगणात बसलं, आणि अक्का बाजारात गेल्याचं बघून दाजींनी त्याचं पान न् पान उतरवलं, निम्म्या फांद्याही छाटल्या.

अक्का आली, पिशवी खाली ठेवली. "आईचं झाड बोडकं केलंत."

"मुळ्या तुटल्यात्या. पानांनी वढलं तर त्या देणार कुठनं?"

"कंपनीत पायपा जोडा म्हणावं," अक्का मला म्हणाली. त्यांच्याशी बोलणं तिथंच थांबलं.

पुढचे दीड महिने त्यांचा संसार माझ्या मोबाइलवरून चालला. अक्का निमोण्याहून दौंडला फोन करून सांगायची, "ह्यांना सांग, चहा झालाय." मी फोन लावायचा. दाजी पलीकडच्या खोलीत. "तिला सांगा, आलो." दाजींचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. एकदा नुसतंच म्हणाले, "पाव्हणं, माझं गणित चुकलं आसंल का हो?" मला गणितातही दोनच मार्क असायचे. मग पालवी फुटली. ती जून होईस्तोवर दाजींनी तिला बोट लावलं नाही, आणि एका सकाळी पिशवी बांधली.

त्या दुपारी मी पेरूला पाणी घालत होतो. अक्काचा फोन. "ह्यांना सांग, पिशवीत..." ती थांबली. "ऱ्हाऊ दे. मीच सांगते." फोन बंद करायचं तिला भान नव्हतं. मला तिची पावलं ऐकू आली, मग आवाज, "अहो, इकडं या. आईच्या लिंबोणीला घाम आलाय."

पलीकडून दाजींच्या चपला फटफटत आल्या. मी पाइप बुंध्यापासून उचलला, फांद्यांच्या टोकाखाली धरला आणि तसाच उभा राहिलो.

आता चहा झाल्याचं मला कुणी कळवत नाही. चारच्या सुमाराला हात मात्र अजून मोबाइलकडे जातो.