बाबांच्या डोक्यातली गाठ

बाबा तेव्हा बाहत्तर वर्षांचे होते. देऊळघाटला आमचं वांगी-मिरचीचं शेत. एका सकाळी विहिरीजवळ त्यांचा पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. दोन टाके पडले. मी चिखलीच्या शाळेत शिकवते. रजा टाकून तशीच निघाले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी खात्री करायची म्हणून सीटी स्कॅन केला. रक्तस्राव कुठेच नव्हता, पण मेंदूच्या मधोमध एक गाठ दिसली.

तो आठवडा घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मग आई-बाबांना घेऊन मी संभाजीनगरला गेले. एमआरआय पाहून मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ही चरबीची गाठ आहे, कॅन्सर नाही. बाबा त्यांच्या आईच्या पोटात असताना, मेंदू घडतानाच ती तयार झालेली. अशी गाठ क्वचितच सापडते. काहींना तिच्यामुळे झटके येतात. बाबांचं तर कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. ऑपरेशन नको, वर्षानं पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले.

मी निघायच्या तयारीनं पिशवी उचलली. बाबा उठेनात. टोपी हातात धरून, आईकडे न बघता त्यांनी विचारलं, "साहेब, मले जन्मभर लय राग आला. लेकरायले मारलं. हिच्यावरही हात उचलला. ते ह्या गाठीपायी असन का?"

डॉक्टरांनी हो म्हणावं, असं मलाही त्या क्षणी वाटलं. लहानपणी बाबांची सायकल वाजली की आम्ही भावंडं मागच्या दारानं पळायचो.

डॉक्टर म्हणाले, "नाही बाबा. त्या गाठीनं तसं होत नाही."

परतीच्या बसमध्ये बाबा आईशेजारी बसले. मी मागच्या सीटवर होते. धाड गाव मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "तो राग माहाच होता."

आई खिडकीबाहेर बघत होती. "हाव," ती म्हणाली. "मले ठाऊक होतं."

बाबांचा राग काही एका दिवसात गेला नाही. अजूनही आवाज चढतो. पण मधेच थांबतात आणि उठून शेतात जातात. वर्षानं तपासलं तेव्हा गाठ होती तेवढीच होती. आईनं त्यांना माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही.