नवसूकाकाने डोळे उघडले

दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरच्या निम्म्या घरांची दारं लागायची. नागली कापून, भात झोडून कणगीत जे पडायचं ते होळीपर्यंतसुद्धा पुरणार नाही, हे पोरांनाही माहीत असायचं. मग पोशेऱ्याच्या फाट्यावर टेम्पो यायचा आणि माणसं रेतीला जायची. रेतीला म्हणजे खाडीवर. होडी मध्यावर न्यायची, लांब बांबू तळात रोवायचा, आणि रिकामी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली उतरायचं. तळाची रेती बादलीत भरली की दोरीला झटका द्यायचा, वरचा माणूस बादली ओढून घेतो; वरून झटका आला की खालच्याने वर यायचं. याला डुबी मारणं म्हणतात. माझे बाबा डुबी मारायचे. आई होडीत रेती उपसायला असायची आणि मी तिच्या पायाशी. बाबा खाली गेले की आई पाण्याकडे कधी बघायची नाही. दोरीकडे बघायची.

त्या खाडीने बाबांचे कान खाल्ले. कानातून रक्त यायचं, मग पू यायचा, मग ऐकूच येईनासं झालं. आईने मला आश्रमशाळेत घातलं ते शिक्षणाच्या आवडीपेक्षा मी होडीत नसावं म्हणून. सरळ सांगते, पाण्याची मला इतकी भीती होती की विहिरीवरसुद्धा मी दोन हात लांब उभी राहायचे.

नवसूकाका हा बाबांच्या होडीवरचा दुसरा डुबीवाला. बुटका, छाती पिंपासारखी, आणि आवाज असा की तो कुजबुजला तरी पलीकडच्या पाड्यावर ऐकू जावं. त्याचेही कान गेलेलेच. पुढे खाडीवर रेती ओढणाऱ्या मशिनी आल्या, डुबी बंद झाली आणि दोघेही घरी आले. बाबा शेतात राबायला लागले. नवसूकाका मात्र जव्हारला जाऊन मास्तर झाला.

झालं असं, की जव्हारला नवं समाजकेंद्र उभं राहिलं. एक हॉल, कॅरमच्या खोल्या आणि मागे पोहण्याचा तलाव. शिकवायला माणूस हवा होता. शहरातून आलेला पहिला मास्तर महिन्यात कंटाळून गेला. मग कमिटीने विचारलं, इथलंच कोणी पाण्याला न भिणारं आहे का? नवसूकाका गेला. कमिटीसमोर कपडे काढले, पाण्यात उतरला आणि खाली जाऊन बसला. बसला तो बसलाच. मॅनेजर साहेब बूट काढायला लागले तेव्हा हा पलीकडच्या कोपऱ्यातून वर आला आणि ओरडला, "अजून बसू का?" नोकरी तिथेच मिळाली.

मी तेव्हा जव्हारच्याच कॉलेजात होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. एक दिवस तो वसतिगृहाच्या फाटकातून ओरडला, "वने, पोहाया ये गो! पोरींची बॅच काढलीय मी!" आख्खं वसतिगृह खिडकीत आलं. मी हळूच म्हटलं, "काका, मला भीती वाटते." त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. भीती वाटते हे ओरडून सांगितल्यावर ती अर्धी झालेली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

तलावावर गेले तर पाण्यात मधोमध बांबू उभा. सिमेंट भरलेल्या डब्यात रोवलेला. मॅनेजर साहेब डोक्याला हात लावून उभे.

"नवसू, अरे हा तलाव आहे, मांडव नाही!"

"साहेब, बांबू नाय तं पोर खाली कशी जाल?"

"खाली कशाला जायचंय? वर पोहायचंय ना?"

"आधी तळाला हात लागला पायजे. तळ कळला की पानी आपलं होतं. मंग त्यावर नाचा नायतर झोपा."

त्याची शिकवण्याची रीतच अशी होती. कमरेला दोरी बांधायचा, तिचं टोक स्वतःच्या मुठीत. "एक झटका म्हंजे वर ओढ. दोन झटके म्हंजे सोड, मी मजेत हाय." मी बांबूला मिठी मारून खाली गेले आणि लगेच एक झटका दिला. पुन्हा गेले, पुन्हा एक झटका. तो वैतागायचा नाही. "ये गो वर, हवा खा. पानी कुठं पळतंय?" चार-पाच दिवसांनी माझा हात गार फरशीला लागला. मी तिथे थोडी थांबले. वरून त्याचा घोगरा आवाज येत होता, कानात पाणी असल्याने तो ढगासारखा वाटत होता. मी दोन झटके दिले. वर आले तर हा माणूस काठावर नाचत होता, ओल्या दोरीसकट.

मी पोहायला शिकले. एवढी शिकले की कॉलेजच्या संघात गेले, विद्यापीठाच्या शिबिरात नीट फ्रीस्टाईल शिकून आले. तिथून परत आल्यावर, नवसूकाकाकडे शिबिरातल्या नजरेने बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नवसूकाकाला पोहता येत नव्हतं.

तो इथे बुडायचा आणि तिथे निघायचा. मधलं अंतर तो तळावरून चालत जायचा! त्याच्या अंगाला पाण्यात एकच वाट ठाऊक होती, खाली. पोरांना वाटायचं ही काहीतरी मोठी विद्या आहे. कोणाचं पोर घसरलं तर सगळ्यांच्या आधी तो खालून त्याला उचलून आणायचा, त्यात कधी चूक झाली नाही. पण आडवं होऊन तलावाची एक फेरी? नाही.

मी विचारलं तर त्याला जराही लाज वाटली नाही. "होडीवर आडवा पोहलो असतो तं मुकादमाने हाकलला असता. रेती काय वर तरंगते का?"

तो हसला, मीही हसले. पण त्याच महिन्यात नियम आला. तलावावरच्या शिक्षकाने परीक्षा द्यायची, ठाण्याहून साहेब येणार. चार फेऱ्या, तोंड पाण्यात घालून, न थांबता. पास झाला नाही तर मास्तर बदलणार. आणि दुसरा मास्तर मिळेपर्यंत पोरींची बॅच बंद. नवसूकाका पहिल्यांदाच हळू बोलला. "वने, आता वीटभट्टीवर जाया लागल. पानी सोडून कुठं जाऊ मी?"

मी म्हटलं, "कुठे नाही जायचं. उद्यापासून तू शिकायचं, मी शिकवणार."

"तू? तुला पानी दाखवलं कोनी?"

"तू. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीला पाय मारला, हात फिरवले आणि सरळ तळाला गेला. पुन्हा तेच. एखादा दगड शिकवायला घेतल्यासारखं झालं. मग मला सुचलं. मी त्याच्याच कमरेला त्याचीच दोरी बांधली आणि काठाने चालू लागले. तो खाली जायला लागला की एक झटका. होडीवरची सगळी वर्षं त्या अंगात होतीच. एक झटका बसला की अंग आपोआप वर. असं करत करत तो वर राहायला लागला. पण जायचा तिरका. डाव्या भिंतीवर डोकं आपटायचा, वळायचा, उजव्या भिंतीवर आपटायचा. पोरी काठावर हसून लोळायच्या. "काका, हॉर्न वाजव!"

मी पाण्यात उतरून शेजारून पोहले आणि बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. घट्ट.

"काका, तू डोळे का मिटतोस?"

"मंग काय करू? पान्यात डोळे उघडतं का कोन?"

मला कळायला जरा वेळ लागला. खाडीचं पाणी म्हणजे चिखल. डोळे उघडले तर रेती जायची. होडीवर पहिला धडाच तो, खाली जाताना डोळे मिट. या माणसाचं निम्मं आयुष्य पाण्याखाली गेलं होतं आणि त्याने पाण्याखालचं कधी काही पाहिलं नव्हतं. या निळ्या, स्वच्छ तलावात महिनोन्‌महिने तो चाचपडत चालत होता, घसरलेली पोरंसुद्धा चाचपडूनच उचलत होता.

मी माझा गॉगल त्याच्या डोक्यावर चढवला. गुलाबी होता. "आता खाली जा, आणि उघड."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मग दोरीला दोन झटके बसले. थोड्या वेळाने पुन्हा दोन. वर आला आणि त्याने गॉगल कपाळावर चढवला. मग तो असा ओरडला की हॉलमधले कॅरमवाले बाहेर आले. "वने! दिसतंय गो! सगळं दिसतंय! तुजे पाय दिसले! आनि तळाला एक काळी दोरी हाय, या टोकापासून त्या टोकाला!"

तळाला जो काळा पट्टा असतो, त्याला तो दोरी म्हणत होता. मी म्हटलं, "ती धरून जा."

त्यानंतर तो सरळ गेला.

परीक्षेच्या दिवशी ठाण्याचे साहेब खुर्चीत बसले, पोरी रांगेने काठावर. नवसूकाका गुलाबी गॉगल लावून उतरला. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसरीत मधोमध गडप. साहेब उठले. पोरी काठावर वाकल्या. माझ्या हातात दोरी नव्हती आणि माझी मूठ मात्र वळलेली. आणि हा वर आला, हात उंच करून, हातात केसांचा चाप.

"कोनाचा गो हा? खाली पडलेला दिसला!"

साहेब म्हणाले, "अहो मास्तर, परीक्षा चालू आहे!"

"आवाज नाय येत साहेब, जरा जोरात बोला!"

साहेबांना हसू आवरेना. पण नियम तो नियम, चारही फेऱ्या पहिल्यापासून काढायला लावल्या. त्याने काढल्या. सरळ, काळ्या दोरीवरून, कुठेही न थांबता. चौथीच्या शेवटी भिंतीला हात लागला तेव्हा पोरींनी जो गिल्ला केला, तो त्यालासुद्धा ऐकू आला असावा.

त्यानंतर बरीच वर्षं त्याने शिकवलं. प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच सांगायचा, "डोळे उघडा रे, फुकट हाय." गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी कानांसाठी पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हा तो कुरकुर न करता थांबला. फक्त शेवटच्या दिवशी म्हणाला, "तुज्या बापाला घेऊन ये. आयसलाही."

मी आणलं. बाकावर दोघे बहिरे शेजारी बसून असे गप्पा मारत होते, की तलावावरची सगळी बॅच थांबून ऐकत होती.

"खाली दिसतं म्हनं?"

"काय?"

"दिसतं का खाली?"

"दिसतं! चल दाखवतो!"

कापसाचे बोळे तेलात भिजवून दोघांच्या कानांत घातले, आणि तोच गुलाबी गॉगल बाबांना. कमरेएवढ्या पाण्यात नवसूकाकाने बाबांचा हात धरला आणि दोघं वाकून खाली गेले. मी आईकडे पाहिलं. दोरी नव्हतीच कुठे. आई पाण्याकडे बघत होती, आणि हसत होती, कारण खालून तिचा नवरा तिच्याकडे हात हलवत होता.

नवसूकाका आता पोशेऱ्याला असतो, नागली पेरतो, एसटीने येऊन मला सूचना करून जातो. त्याची जागा मला मिळाली. ती परीक्षा मी दिली आणि पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे, आणि जव्हारच्या तलावावर पोहायला मी शिकवते. आमच्या पाड्यावर आता पोहता न येणारी मुलगी नाही.