धाकट्याचं मरण कसं करायचं

मी लढाईवरून परत आलो त्या वर्षी ज्वारी चांगली आली होती. त्याच ज्वारीच्या वावरात मी माझ्या धाकट्या भावाला मारून मारून बेशुद्ध केलं.

तो तेव्हा वीस वर्षांचा होता. वावरात लाकडं रोवून बांधलेल्या माळ्यावर उभा राहून पाखरं हाकत होता. एका हातात रॉकेलचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात काठी. मी बैलांना पाणी दाखवून खालून येत होतो. मी माळ्याखाली आलो आणि त्यानं डबा बडवला. पुढचं मला सलग आठवत नाही. त्याचा पाय माझ्या हातात होता, तो खाली आपटला, आणि माझ्या हातात जोखडाची शिवळ होती. हातभर लांब, बाभळीची खुंटी. शेजारच्या वावरातली माणसं धावली आणि त्यांनी मला मागं ओढलं, तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं आणि ज्वारीची पाच-सहा ताटं त्याच्या अंगाखाली मोडली होती. मी त्या ताटांकडे बघत राहिलो. भावाकडे बघायचं धाडस झालं नाही.

त्याचा तो कान कायमचा गेला. गावात विचारणाऱ्यांना त्यानं एकच सांगितलं, "माळ्यावरनं पडलो." ज्यांनी मला ओढून काढलं होतं त्यांनाही तो तेच सांगायचा.

चौथ्या दिवशी वडील माझ्याजवळ येऊन बसले. कृष्णाकाठच्या आमच्या गावात प्रत्येक आळीतनं कोणी ना कोणी पलटणीत होतं, आणि परत आलेला माणूस थोडा बिथरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडील म्हणाले, "तू आमचाच हाईस. पर आता ह्या घरात ऱ्हाऊ नगंस."

मी सांगलीला गेलो. माझ्या पलटणीतल्या एका सोबत्याचे मामा तिथल्या एका नाटकगृहाची व्यवस्था बघत. त्यांनी मला दारावर उभं केलं. खेळ नसेल तेव्हा तालमीला पडदे ओढायचे, सामान उचलायचं. नाटक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. यात्रेत तमाशा बघितला होता, तेवढाच.

त्या दिवसांत तिथं एका जुन्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. बसवणारे मास्तर साठीच्या पुढचे. उभी हयात नाटक कंपन्यांतून खलपुरुषाची कामं केलेली. आवाज अजून खणखणीत, पण गुडघे गेलेले, म्हणून खुर्चीत बसून शिकवायचे. ते नाटक आमच्या आजोबांच्या काळातलं, पाच अंकी, लांबलचक वाक्यांचं. गोष्ट मात्र सरळ होती. एक लहानसा किल्ला. थोरला भाऊ मोहिमेवर गेलेला, धाकटा किल्ल्यावर, आणि त्यांची आई. एका पहाटे किल्ल्याचा चोरदरवाजा आतून उघडला जातो, शत्रू आत शिरतो, अर्धी वस्ती कापली जाते. थोरला परत येऊन किल्ला सोडवतो आणि विचारतो, दरवाजा कुणी उघडला? सगळे धाकट्याकडे बोट दाखवतात. खरं तर दरवाजा आईनं उघडलेला असतो. बाहेर जखमी होऊन पडलेला माणूस आपला थोरलाच आहे असं तिला वाटलेलं असतं. धाकट्याला हे माहीत असतं. तो बोलत नाही. चौथ्या अंकात थोरला त्याला आपल्या हातानं ठार मारतो, आणि पाचव्या अंकात आई येऊन खरं सांगते.

त्या मारण्याच्या प्रवेशाची तालीम चालली होती. थोरल्याचं काम करणारा नट तलवार उंच धरून मोठमोठ्यानं ओरडत होता. मला हसू फुटलं.

मास्तरांनी तालीम थांबवली. "कोण हसलं?"

मी पुढे झालो.

"काय झालं हसायला?"

"मास्तर, आसं कुनी कुनाला मारत न्हाई."

"मग कसं मारतात?"

मी दाखवलं. ओरडलो नाही. जवळ गेलो, डाव्या हातानं मानेमागं धरलं आणि उजव्या हातानं खालून वर. पलटणीत हातातल्या सुट्या संगिनीचं हेच शिकवतात. समोर कोणी नव्हतं, मी हवेतच दाखवलं, पण बघणारे दोन पावलं मागं सरकले. मास्तरांनी त्या नटाला खाली बसवलं आणि थोरल्याचं काम मला दिलं.

मला वाचता येत होतं, तेही पलटणीतच शिकलेलं. नाटकाची वही मी दारावर बसून बोट ठेवून वाचायचो. रोज तालमीआधी मास्तर प्रश्न विचारायचे.

"थोरला धाकट्याला मारायचं कधी ठरवतो?"

"चिडतो तवा."

"चूक. वहीत शोध."

दोन दिवस शोधलं. सापडेना. शेवटी त्यांनीच तिसऱ्या अंकातलं एक पान उघडून दिलं. तिथं थोरला भावाला लागोपाठ तीन प्रश्न विचारतो. "मोज," मास्तर म्हणाले, "पहिल्या प्रश्नानंतर धाकट्याला बोलायला किती जागा ठेवलीय?"

"कायच न्हाई."

"दुसऱ्यानंतर?"

"न्हाई."

"म्हणजे त्याला उत्तर नकोच आहे. त्यानं आधीच ठरवलंय. चौथ्या अंकात तलवार नुसती बाहेर येते. पात्र काय बोलतं ते सगळे वाचतात. ते समोरच्याला कुठं बोलू देत नाही, ते बघायचं."

मी भावाला मारलं त्या दिवसाचा विचार केला. मी तर एकही प्रश्न विचारला नव्हता.

तालमी पुढं सरकल्या. चौथ्या अंकात वादळ आहे. गडगडाटासाठी विंगेत एक भलामोठा पत्रा टांगलेला असे, तो दोन हातांनी हलवायचा. तोवर आम्ही पत्र्याशिवाय तालीम केली होती. त्या दुपारी पहिल्यांदा पत्रा वाजला. मी धाकट्याचं काम करणाऱ्या नटाच्या मानेमागं हात घातलेला होता.

चार माणसांनी मला त्याच्यावरून ओढलं. त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं, गळ्यावर माझी दहाही बोटं उमटली होती. त्याच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या भागात लाल शिरा फुटल्या होत्या. मला वाटलं, आता हे पोलिसांत देतील. दिलं असतं तर बरंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला एकट्याला बोलावलं. रागावले नाहीत. इतकंच विचारलं, "काल तुझ्या हाताखाली कोण होतं?"

मी आजवर कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. इटलीतल्या एका गावाबाहेर, गव्हाच्या वावराच्या कडेनं पाण्याचा चर होता. त्यात एक जर्मन शिपाई लपला होता. त्यानं बंदूक टाकून दिली होती आणि दोन्ही हात वर करून तो उभा राहत होता. मागच्या घरावर गोळा पडला, पत्रे उडाले, आणि मी त्याच्या पोटात संगीन घातली. एकदा नाही. तो खाली बसल्यावरही घातली. त्याचे हात शेवटपर्यंत वरच होते. मग मी भावाचंही सांगितलं.

मास्तरांनी गुडघे चोळले आणि म्हणाले, "थोरल्याचं काम तुला येतं. तुला शिकवावं असं त्यात काही नाही. तू धाकट्याचं कर."

"मास्तर, मला मरायचं काम जमायचं न्हाई."

"म्हणूनच कर."

गळ्यावर वळ उठलेला तो नट आनंदानं थोरला व्हायला तयार झाला. पहिल्याच तालमीत त्यानं तलवारीच्या मुठीनं माझा ओठ फोडला. दुसऱ्या वेळी बरगडीत गुडघा घातला. मी उठून पुन्हा जागेवर उभा राहायचो. आठेक दिवसांत त्याचा राग निवला आणि मग तो नीट काम करू लागला.

मास्तरांचा नवा प्रश्न होता, "धाकटा गप्प का राहतो?"

"आईला वाचवायला."

"ते झालं कारण. पण मरताना माणूस कारण धरून बसत नाही. त्या वेळी तो काय करतो?"

मला जे सुचलं ते मी केलं. गुडघ्यावर पडायचो, हात जोडायचो आणि थोरल्याच्या डोळ्यांत रोखून बघत राहायचो. त्याला जन्मभर पुरेल अशी नजर द्यायची, असं मनात धरायचो. मास्तर म्हणायचे, "ठीक आहे." त्यांच्या 'ठीक आहे'चा अर्थ आम्हाला कळत असे, पण याहून बरं मला काही येईना.

पहिला खेळ दुपारचा ठेवला होता, बैलगाड्यांतून आलेल्या खेड्यांवरच्या लोकांना दिवसाउजेडी परतता यावं म्हणून. मी घरी निरोप धाडला होता. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. पण वडील आले, आणि त्यांच्या मागून भाऊ आला. मी त्यांना पडद्याच्या फटीतून पाहिलं. भाऊ उजवा कान रंगमंचाकडे करून तिरका बसला होता.

चौथ्या अंकात बायका रडल्या. मी मरून पडलो होतो तेव्हा मला त्यांचे हुंदके ऐकू येत होते. खेळ संपल्यावर वडील बाहेर गाडीपाशीच थांबले. भाऊ एकटा आत आला. मी रंग पुसत होतो. तो माझ्या उजव्या हाताच्या टप्प्यात न येता दोन हात लांब उभा राहिला.

"दादा, लय खोटं पडलास."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"खोटं म्हंजे?"

"मी आसा न्हवतो पडलो." तो खाली बसला. तिथल्या मातीच्या जमिनीवर एका कुशीवर झाला, एक हात अंगाखाली अडकलेला, आणि मान उलट्या बाजूला वळवलेली. माझ्याकडे नाही, लांब कुठंतरी. "हे आसं. तू त्याच्याकडं बघत बसलास. मारनाऱ्याकडं बघून काय उपेग? तुझं डोळं तवा मानसाचं न्हवतं."

"मग तू कुठं बघत हुतास?"

"आयेकडं."

"आई कुठं हुती तवा?"

"बांधावर. भाकरीची पाटी डोक्यावर घिऊन उभी हुती. मी तिच्याकडं बघत हुतो. आता हाक मारंल, मग हाक मारंल."

"मारली?"

"न्हाई." तो उठला, कपड्यांची माती झटकली. "तिला बी तुझं भ्या वाटलं आसंल."

आई तिथं होती, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही. भाऊ निघाला. दारातून मागं वळून म्हणाला, "बाकी ग्वाड हाय नाटक." गाडी गेली.

मी मास्तरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वही मागवली, चौथा अंक काढला आणि पानावर हात ठेवून बसले. "चाळीस वर्षं हे नाटक ओळखतो," ते म्हणाले. "त्याला वाचवू शकेल असं एकच माणूस आहे. ते गप्प आहे. तो दुसरीकडं कुठं बघेल?" मग म्हणाले, "तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग."

पुढचा खेळ तासगावला, तोही दुपारचाच. थोरल्यानं वार केला, मी कुशीवर पडलो, हात अंगाखाली अडकवला आणि मान वळवली. डाव्या विंगेत आईचं काम करणारी बाई पाचव्या अंकासाठी तयार उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. त्या बाईला हे आम्ही सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं होतं. ती आधी पदर सारखा करत होती, मग थांबली. आणि एकदम ती विंगेतून धावत आत आली, वहीत नसताना, तिचा प्रवेश पुढच्या अंकात असताना. थोरल्याला तिनं दोन्ही हातांनी ढकललं आणि माझ्या अंगावर आडवी पडली. "मी उघडला रे, मी उघडला दरवाजा!"

थोरल्याच्या हातातून तलवार सुटली. ती त्यानं टाकायची नव्हती. प्रॉम्प्टर पुढचं वाक्य कुजबुजत राहिला आणि ते कुणीच बोललं नाही. पडदा टाकावा लागला. बाहेर लोक उभे राहून ओरडत होते. पाचव्या अंकात करायला काही उरलं नव्हतं, तो त्या दिवशी झालाच नाही.

ती बाई आत रडत बसली होती. "मास्तर, चुकले. राहवलंच नाही." मास्तर तिच्यावर खवळले, शिस्त म्हणजे काय ते सगळ्यांना ऐकवलं. आणि रात्रीत बसून त्यांनी चौथा अंक नव्यानं लिहून काढला. पुढचे सगळे खेळ आम्ही तसेच केले.

पेरणीआधी मी गावी गेलो. वडिलांनी ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. भाऊ आणि मी जेवायला बसलो. मी पाण्याच्या तांब्याला हात घातला तसा त्याचा खांदा आक्रसला. त्याला ते कळलं नाही. मला कळलं. मी तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि त्याच्या उजव्या कानाशी तासगावचा खेळ सांगितला.

तो सगळं ऐकून घास चावत म्हणाला, "मग? वाचला का त्यो?"

"न्हाई. ती येईस्तवर वार झालता."

"हं."

आईची पाठ आमच्याकडं होती. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही. बऱ्याच वेळानं ती चुलीकडंच बघत म्हणाली, "पर ती बाय आली म्हनायची. मी न्हाई आले."

भाऊ उठला, तिच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "आये, भाकरी करपाय लागली." तिनं डोळे पुसले, करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि दुसरीसाठी पीठ घेतलं.