शेवंताचा सोडा

शेवंतानं पंपावर हात ठेवला अन् मान हलवली. बेअरिंग नाही.

एकोडीला गोपाळभाऊच्या बोडीवरचा पंप होता. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. उन्हाळी धान उभं होतं अन् पंप दर पाच मिनिटांनी पाणी तोडत होता. आतून खडखड. मी पेचकसाचं टोक पंपाला टेकवलं अन् मूठ कानाला लावली. आम्ही मिस्त्री लोक असंच ऐकतो. मला बेअरिंग वाटलं. बेअरिंग म्हणजे शाफ्ट ज्याच्यात फिरते ते गोळ्यांचं कडं.

शेवंता माझी बायको. जन्मापासून ठार बहिरी. उंची माझ्या कोपराच्या थोडी वर. पाय कमानीसारखे. आमचं लग्न झालं तेव्हा लोक हसले होते. त्याच लोकांचे पंप तिनं माझ्यासोबत चाळीस वर्षं उघडले. मी कानानं ऐकायचो, ती तळहातानं. दहातून आठ वेळा तळहात जिंकायचा.

तिनं हात पंपावरून काढला अन् पाण्यातून येणाऱ्या पाइपावर ठेवला. पाइप जिथं पंपाला जोडतात तिथं थांबली. तोंडासमोर मूठ उघडली, बंद केली, उघडली. ही तिची हवेची खूण.

"काय म्हणते?" गोपाळभाऊनं विचारलं.

"हवा घेऊन राहिला म्हणते."

"अन् तुमी तर बेअरिंग म्हणून राहिले होते."

"म्हणून राहिलो होतो."

"मंग तुमी कायले येता मिस्त्री? बाईलेच धाडत जा. तुमी घरी भाकरी टाका."

जोड उघडला. आतली गॅसकेट, म्हणजे मधली रबराची चकती, एका बाजूनं फाटली होती. तिथून पंप हवा ओढत होता. शेवंतानं सायकलच्या ट्यूबमधून नवी चकती कापली. पाणी भरलं, बटण दाबलं, धार पूर्ण आली. तिनं धारेत हात धुतले अन् ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं. बरोबर निघाली की ती असंच करायची.

आमचं सोबतचं ते शेवटचं काम.

घरी निघालो तर तिला गाडीवर पाय टाकता येईना. गोपाळभाऊच्या बायकोनं अन् मी उचलून बसवली. "ऊन लागलं असंन," गोपाळभाऊ म्हणाला. मीही तेच म्हणालो. दोन दिवसांपासून जुलाब होत होते, तेही एक कारण सापडलं. खरं कारण माझ्या दुकानात रॅकवर ठेवलं होतं.

ते आता सांगतो.

शेवंता रोज सोडा खायची. भज्यात टाकतात तो. सकाळी अन् संध्याकाळी, पाण्यात कालवून. तिच्या मायनं लावलेली सवय. लहानपणी पोरगी उभीच राहीना. हरभरे शिजवायला ठेवलेला सोडा ती चाटून खायची. मायनं पहिले मारलं. मग पाहिलं की सोडा चाटला की पोरगी अंगणापर्यंत चालते, अन् डबा लपवला की चौथ्या दिवशी भिंत धरते. मायनं मारणं सोडलं अन् डबा खाली ठेवला. कोणाला विचारलं नाही. विचारायला कोण होतं?

यंदा शेवंताच्या कमरेत कळा निघाल्या. सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्यांत खडे. फोटो पाहून मला वाटलं, हे तर मला समजते. आमच्याकडच्या काही विहिरींचं पाणी जड. पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चक्रावर, पांढरा खार चढतो. मी तो तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, सोडवतो. पांढरा खार, पांढरा सोडा. दोन अन् दोन चार. इतकी वर्षं खाऊन खाऊन हिनं किडनीत खार चढवला.

डॉक्टरला विचारलं नाही. मिस्त्री कोणाला विचारत नाही.

डबा घेतला. तिनं धरून ठेवला, मी ओढला. दुकानात नेऊन वरच्या रॅकवर, वाइंडिंगच्या तारेमागं ठेवला. तिचा हात तिथं पुरत नव्हता. म्हणूनच ठेवला. चार-पाच दिवस तिनं हातानं मागितला. चिमूट दाखवायची, तोंडाकडं न्यायची. मी खार चढलेला जुना इम्पेलर आणून तिच्यासमोर धरला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो इम्पेलर दाखवून सांगितलं, सोडा खाऊ नका. मोठा शहाणा.

ही गोष्ट एकोडीच्या तीन आठवडे आधीची.

एकोडीहून आलो त्या संध्याकाळी तिला ताट उचलता येईना. हातपाय ओल्या सुतळीसारखे. पोरानं, संजूनं, गाडी केली अन् भंडाऱ्याला नेली. तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. रक्त तपासलं अन् धावपळ सुरू झाली. रक्तात ॲसिड वाढलं होतं अन् पोटॅशियम तळाला गेलं होतं. पोटॅशियम नसलं की स्नायू उचलत नाहीत. छातीचेही नाही.

"काका, यांना कोणतं औषध सुरू होतं?"

"औषध नाही. सोडा खात होती."

"कोणता सोडा?"

"भज्याचा."

"किती दिवस?"

"लहानपणापासून."

"आणि आता?"

"बंद केला. मीनं. तीन आठवडे झाले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, तेच त्यांचं औषध होतं."

 मॅडमनीच पुढं विचारलं, "घरात आणखी कोणी असं आहे? बहिरं, उंची न वाढलेलं?"

"नात हाये. ओवी. चार वर्षाची. लोक म्हणते आजीवर गेली."

मॅडमनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग एका कागदावर शेवंताचा अंगठा घेतला अन् तिचं थोडं रक्त बाहेर तपासायला पाठवलं.

शेवंता दोन दिवस होती. सलाइननं बोटांत थोडा जीव आला. खाटेजवळ कूलर चालू होता. तिनं खाटेच्या दांडीवर तळहात ठेवला, थोडा वेळ धरला अन् माझ्याकडं पाहून दोन बोटं एकमेकांवर घासली. बेअरिंग. कूलरचं बेअरिंग जात आहे. मी कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. दुपारी ती गेली. संध्याकाळी कूलर घरघरायला लागला.

मॅडमना मी सरळच विचारलं, मी मारलं का? त्या म्हणाल्या, किडन्या आधीच थकल्या होत्या, जुलाबानं भर पडली, पण सोडा सुटला नसता तर एवढ्या लवकर तोल गेला नसता. त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्याबद्दल त्यांचे उपकार.

तेरवी झाली. धान कापून झालं. मग मॅडमचा फोन आला, रिपोर्ट आला म्हणून. त्यांनी एका कागदावर नाव लिहून दिलं. एटीपी सिक्स व्ही वन बी वन. मोटरच्या नेमप्लेटवर मॉडेल नंबर असतो तसं.

"हा एक जीन आहे," मॅडम म्हणाल्या. "किडनीच्या पेशींत एक अगदी बारीक पंप असतो. ॲसिडचा सगळ्यात लहान कण म्हणजे प्रोटॉन. तो पंप हे कण रक्ताच्या बाजूनं उचलून लघवीत फेकतो."

मी मनात म्हटलं, पंप काय, डॉक्टर लोक समजवायला बोलत असतील. तरी विचारलं, "फिरते का?"

"खरंच फिरतो, काका." त्यांनी चित्र काढलं. मधात दांडी. तिच्याभोवती सहा तुकडे, दोन जातींचे, एकाआड एक बसवलेले. ते तुकडे इंधन जाळतात, दांडी फिरते, अन् खाली चक्र फिरून कण पलीकडं फेकतं.

"मोटर अन् पंप एकाच शाफ्टवर?"

"हो."

"म्हंजे मोनोब्लॉक."

मॅडम हसल्या. मी हसलो नाही. मी चित्रच पाहत राहिलो. सत्तरी गाठली, हजारावर पंप उघडले असतील, अन् माझ्या अंगात असे मोजता न येणारे पंप फिरून राहिलेत हे मला ठाऊक नव्हतं. ना ग्रीस, ना वाइंडिंग, ना मिस्त्री. ज्यानं कोणी बसवले त्याच्या हाताला माझा नमस्कार.

"मंग हिच्यात काय बिघडलं?"

"जीन म्हणजे एका तुकड्याचं ड्रॉइंग. काकूंचं ड्रॉइंगच चुकीचं होतं. म्हणून तो तुकडा दरवेळी चुकीचाच बनायचा. तोच तुकडा कानाच्या आतही लागतो, म्हणून बहिरेपण. बाकी शरीरात त्याच कामाचा दुसरा तुकडा बसतो, म्हणून माणूस जगतो."

"अन् खडे? सोड्यानं नाही?"

"उलट. ॲसिड बाहेर पडत नाही, मग शरीर हाडांतला चुना सोडवून ते मारतं. तोच चुना किडनीत जाऊन बसतो. सोडा ॲसिड मारतो, म्हणजे हाडं वाचतात."

मी तेजाबानं खार सोडवतो. तिच्या हाडांतून तेजाबानं चुना सुटत होता. तोच धंदा, अन् मी तो उलटा वाचला.

मग ओवीची तपासणी झाली. तेच निघालं. प्रत्येक ड्रॉइंगच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बरोबर असली तरी काम भागतं. आमच्यात मामाची पोरगी करतात. सून वनिता शेवंताच्या भावाची पोरगी, शेवंतानंच पसंत करून आणलेली. संजूकडं एक चुकीची प्रत, वनिताकडं एक. ओवीला दोन्ही चुकीच्या मिळाल्या. मॅडमनी मोजून सोड्याच्या पुड्या दिल्या, पोटॅशियमची बाटली दिली. रोज, जन्मभर. कान सुधारणार नाही, त्याचं मशीन मिळेल. पण पोरगी वाढेल, चालेल.

घरी आलो. पुड्या वनितासमोर ठेवल्या.

"हे काय हाये, मामाजी?"

"सोडा."

तिनं ओवीला उचलून कडेवर घेतलं. "मी नाही देत."

"डॉक्टरनं देल्ला हाये."

"तुमीच तर साऱ्या गावाले सांगत होते, सोड्यानं खार चढते. आत्याच्या हातातून डबा हिसकला तुमी. मी पाहत होती. आता तोच सोडा माह्या पोरीले पाजू?"

संजू दारात उभा होता. "बाबा, तवा खरं बोलत होते का आता?"

चाळीस वर्षं या घरात माझा शब्द शेवटचा होता. शेवंता तर बोलतच नव्हती. मी म्हणालो, "आता. तवा मी चुकलो."

"चुकलो म्हंजे?" वनितानं विचारलं.

"म्हंजे तुही आत्या माह्यापायी गेली."

 संजू खाली बसला. वनिता तरी हलली नाही, पोर तिची होती. मी दुकानात गेलो, शिडी लावली अन् तारेमागून डबा काढून आणला. का आणला ते मलाही ठाऊक नव्हतं. झाकण उघडलं. सोडा दमटून दगड झाला होता. त्यात एक ॲल्युमिनियमचा चमचा रुतला होता.

चमच्याच्या आत कानशीनं ओढलेली रेघ होती. मापाची. जुनी, हातानं गुळगुळीत झालेली. अन् तिच्या खाली, अर्ध्यापेक्षा कमी मापावर, दुसरी रेघ. ती नवी होती, चकचकीत. माझ्याच बारीक कानशीनं ओढलेली. तिची रेघ मी कुठंही ओळखतो.

मी चमचा वनिताला दिला. "हे लहान रेघ कोणासाठी असंन?"

तिनं बोट फिरवलं. बराच वेळ.

"दिवाळीत ओवी पहिल्यांदा चालत उंबरठा ओलांडून गेली होती," ती म्हणाली. "आत्या रोज सकाळी तिले मांडीवर घेऊन काहीतरी पाजे. मले वाटे साखरपाणी."

"अन् डबा नेल्यावर?"

तिनं ओवीच्या पायांकडं पाहिलं. ओवी पुन्हा बसूनच सरकत होती. "मंग बसली," वनिता म्हणाली अन् पुड्या उचलून आत घेऊन गेली.

नंतर मॅडमनी तो चमचा सोड्यानं भरून काट्यावर तोलला. लहान रेघेचं माप त्यांच्या पुडीपेक्षा थोडंच कमी भरलं. त्यांनी दोनदा तोलून पाहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, एक शब्द न ऐकलेल्या बाईनं नातीचा आजार डॉक्टरच्या आधी ओळखला होता अन् माप काढलं होतं. तळहातानं, मला वाटतं. हे वाचून कोणी आपल्या मनानं सोडा सुरू करू नका, बंदही करू नका. तुमच्या घरी शेवंता नाही. डॉक्टरला विचारा.

आमच्या कामात एक नियम आहे. चालू पंपातला कोणताही तुकडा, तो कायले बसवला हे समजल्याशिवाय काढायचा नाही. उस्तादानं पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. पंपांच्या बाबतीत मी तो कधी मोडला नाही.

पुड्या घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वनितानं पुडी पाण्यात कालवली. ओवीनं एक घोट घेतला अन् थुंकून दिला. ओठ मिटले. मग मी डब्यातला तो चमचा घासून धुतला, किराण्यातून नवा सोडा आणला, मोठ्या रेघेपर्यंत भरला अन् पाण्यात कालवून ओवीसमोर बसलो. ती माझं तोंड पाहत होती. मी एका दमात पेलो. खारट, साबणासारखं, घशात चिकटणारं. शेवंता हेच जन्मभर पीत होती, दिवसातून दोनदा. मी तोंड वाकडं केलं नाही. ओवीनं माझ्याकडं पाहिलं, आपल्या वाटीकडं पाहिलं, अन् पेली.