राबिगाआपाची परीक्षा

तराझ शहरातल्या आमच्या गल्लीत छोटं दुकान चालवणाऱ्या राबिगाआपाइतकी घाबरट बाई दुसरी नाही, हे मी तिला तोंडावर सांगत आले. एकवीस वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकायची नाही, असा कायदा झाला आणि तिची झोप उडाली. त्यात कर वाढला, पाकीट महागलं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या तिच्याच वाट्याला. वेप नावाची वाफेची सिगारेट मागणाऱ्या पोरांना तर ती झाडूच दाखवायची.

"मग सिगारेटी ठेवतेस कशाला? टाक बंद करून," मी म्हणायची.

"सिगारेटीला येतात म्हणून चहा आणि नान खपतो गं. नुसत्या नानवर दुकान चालेल होय?"

नवरा त्याच धुरापायी खोकून खोकून गेला, म्हणून कायद्याला ती वाईट म्हणत नसे. पण मूलबाळ नाही, दुकान गेलं तर खायचं काय? चौकातल्या एका दुकानाला सील लागलं तेव्हा तिनं धसकाच घेतला. तपासणीवाले म्हणे कोवळ्या वयाची माणसं गिऱ्हाईक करून पाठवतात.

ओळखपत्र मागावं, तर आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या सिगारेटी आणायला नवी सूनच येते. तिला रिकाम्या हातानं धाडलं की सासू दारात हजर. "माझ्या सुनेला चोर समजलीस?" म्हणून जन्माचं वाकडं.

मग आपानं स्वतःच एक परीक्षा काढली. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, जीव गेला तरी. आपा विचारायची, "नाव काय गं सासऱ्यांचं?" फाडकन सांगेल ती खोटी, तपासणीवाल्यांनी पाठवलेली. अशा दोघींना तिनं हाकललंही, आणि नंतर पाणी पिऊन खाली बसली.

त्या दुपारी मी तिथंच चहा पीत होते. नव्या सुनेचा पांढरा रुमाल डोक्याला बांधलेली एक अनोळखी पोरगी आली, वाकून सलाम केला, पाकीट मागितलं. आपानं पाकीट काढून हातातच धरलं.

"कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी, आपा."

"नाव?"

पोरगी कानापर्यंत लाल झाली. रुमालाचं टोक दातांत धरलं, पण नाव काही घेईना.

"बस गं बाई, नको सांगूस!" आपानं सुटकेचा निःश्वास टाकला, पाकीट दिलं, वर मूठभर खडीसाखर तिच्या हातावर ठेवली.

पोरगी दारातून बाहेर पडते तोच एक धिप्पाड माणूस तिला घेऊन आत आला. खिशातून तपासनीसाचं ओळखपत्र काढलं.

"एकोणीस वर्षांची आहे. माझीच सून," तो म्हणाला.

आपा मटकन खोक्यावर बसली. एवढी वर्षं तिला भित्री म्हणत होते, आता मीच चहाचा पेला ठेवून मागच्या कोपऱ्यात सरकले.

"कुणी पाठवलं, ते हिच्या तोंडून यायला हवं. नियम आहे," तो सुनेकडे वळला. "सांग, माझं नाव सांग."

ती मान खाली घालून उभी. खडीसाखर मुठीत तशीच होती.

"अगं सांग की! मीच सांगतोय ना?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ओठ उघडले नाहीत.

"तिला छळू नकोस रे," आपा खोक्यावरूनच म्हणाली. "खरी सून आहे ती. लाव तुझं सील."