हौसाबाई नव्हतीच

माझ्या लेकीलासुद्धा हे ठाऊक नाही. देवळात रोज भेटणाऱ्या बायकांना नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलं. आता तुम्ही निवांत बसला आहात, मलाही बोलावंसं वाटतंय — तर बोलून टाकते. पण एकदम नाही यायचं ते तोंडात. आधी खोल्यांचं सांगते.

औंढ्याला देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर. नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, त्या मी शिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्यांना द्यायला लागले. दोन रात्री, फार तर चार. पहिल्या वर्षी उतरलेली माणसं दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड उचलून शेजारी गेली. जातील नाही तर काय? भिंतींचे पोपडे निघालेले, गाद्या दगडासारख्या, त्यात ढेकूण. मी ओट्यावर डोळे पुसत बसले होते, तेव्हा बी आली.

बी म्हणजे हमीदाबी. मागच्या गल्लीतल्या चांदभाई पिंजाऱ्याची बायको. तिनं दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, गादीवर मूठ आपटली आणि हसली. म्हणाली, कापूस चांगला आहे, नुसता झोपलाय, त्याला उठवायचं.

नवं काही आणायला माझ्याकडे होतं काय? पण बीला नवं लागायचंच नाही. चांदभाईनं आमच्या आवारात धनुकली लावून जुना कापूस पिंजला, उन्हात फुलवला, गाद्या पुन्हा भरल्या. खाली कडुनिंबाचा पाला. नदीकाठची पांढरी माती आणून तिनं भिंती पोतारल्या, खाली गेरूचा हातभर पट्टा ओढला. गोणपाट धुऊन त्याला माझ्या जुन्या लुगड्याचे काठ शिवले — झाले पडदे. आणि कोनाड्याभोवती ओल्या चुन्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसवले. हिरवे, तांबडे, मध्ये एखादा पिवळा. सकाळचं ऊन आलं की सगळा कोनाडा चमकायचा. हे तिला सुचलं कसं, मला आजही कळत नाही. मी नुसती हाताखाली होते. ती गुणगुणत काम करायची, मध्येच माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतला कापूस वेचायची. त्या दिवसांत मी नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर हसले. तिच्यामुळं.

पुढं खोल्यांचं नाव झालं. माणसं आपणहून विचारत यायला लागली.

तिसऱ्या की चौथ्या वर्षाची गोष्ट. यात्रेच्या तोंडावर मला ताप भरला. मी अंथरुणावर, आणि बीनं एकटीनं सगळं केलं. भिंती, जमीन, इतकंच काय, पाहुण्यांची चूलही तिनंच सारवली, माठ धुऊन भरून ठेवला. गादी पिंजाऱ्याची असते हे सगळ्यांनाच माहीत, त्यावर झोपायला कुणाची ना नसते. पण चूल? पाणी? त्या काळात उतरणारी माणसं सोवळ्यात स्वयंपाक करायची. मला ते कळत होतं. बीलाही कळत होतं. पण दुसरं होतं कोण?

पाहुण्यांची दमणी, छपराची बैलगाडी, एक दिवस आधीच दारात आली. वसमतच्या एक देशमुखीणबाई, सोबत दोन सुना. बाई खोलीत शिरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोनाडा पाहिला, चूल पाहिली. मी भिंतीला धरून उभी. बी दारातच होती, हात मातीनं भरलेले, बांगड्या कामापुरत्या काढून ठेवलेल्या, पदर पुढं ओढलेला. बाईंनी कौतुकानं विचारलं, इतकं सुबक सारवलंय कुणी? हिनंच का?

मी म्हणाले, "व्हय. आमची हौसाबाई."

कुठून आलं ते नाव? माझ्या माहेरी एक हौसाबाई होती, एवढंच. पण हे मी सांगायला बसले नाही. नाव बदललं हे खोटं खरंच, पण ते बीनं तेव्हाच पोटात घातलं असतं — नव्हे, घातलंच.

बाईंची नजर तिच्या कपाळावर गेली. कपाळ मोकळं. बाईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी तिलाच विचारलं, "कधी गेला गं नवरा?"

 बीनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर आवारात चांदभाई शेवटची गादी पिंजत होता, धनुकलीची तांत टण् टण् वाजत होती. मला तो आवाज ऐकू येत होता. बीलाही. आणि मी — कुंकू पुसण्याचा अर्थ जिला पुरता ठाऊक, ती मी — थोडी थांबले, विचार केला, आणि सांगितलं, "तीन वर्षं झाली बिचारीला."

बाई हळहळल्या. बी पदराला हात पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारानं आली. माझ्यासाठी पेज आणली होती. मी पिऊन झाल्यावर म्हणाली, "अक्का, नाव बदललं ते बराबर हाय, मी समजले. पर त्याला काहून मारलं?"

मी म्हणाले, तोंडातून निघून गेलं.

"न्हाई," बी म्हणाली. "निघून न्हाई गेलं. तुमी थांबल्या, मग बोलल्या."

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. वाटी उचलून घेऊन गेली.

तेव्हाच बाईंपुढं जाऊन खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. फार तर त्या खोली सोडून गेल्या असत्या. पण त्या दर वर्षी यायला लागल्या, सोबत आणखी चार घरं आणायला लागल्या. मग मी बीला म्हणाले, यात्रेच्या दिवसांत इकडं येऊ नको. चांदभाईलाही सांग, त्या दिवसांत आवारात धनुकली नको. ती बरं म्हणाली. आधी येऊन खोल्या नटवून जायची आणि पहिली गाडी दिसायच्या आत निघून जायची. एका वर्षी बाईंनी हौसाबाईसाठी लुगडं आणलं, विधवेला शोभेल असं, बिनकाठाचं. ते मी बीला देणार कसं? फाडून उशांचे अभ्रे केले. बीनंच ते शिवले. कापड कुठलं म्हणून तिनं विचारलं, मी वसमतहून आलं म्हणाले. ती थोडा वेळ कापड हातात धरून बसली, मग सुईत दोरा ओवला.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, निजामाचं राज्य जाऊन सगळी उलथापालथ झाल्यावर, चांदभाईनं बिऱ्हाड परभणीला बीच्या भावाकडं न्यायचं ठरवलं. जायच्या आधी दोघांनी आमच्या सगळ्या गाद्या पुन्हा पिंजून भरून दिल्या. मी नको म्हणत होते. काम झाल्यावर ओट्यावर बसलो. चहा झाला. बी गाठोडं बांधत होती. चांदभाई मान खाली घालून म्हणाला, "अक्का, एक इचारू? यात्रेला तुमी मला आवारात येऊ देत नव्हत्या. इतकी सालं झाली. माझं काही चुकलं होतं का?"

तो समोर बसला होता. दाढी पिकलेली, मिशांवर कापसाचे तंतू. मी सांगू शकत होते. घरात पाहुणे नव्हते, यात्रा लांब होती, ते दोघं गाव सोडून चालले होते — भ्यायचं तरी कुणाला?

मी म्हणाले, "पाहुण्यांना धनुकलीच्या आवाजाची तकलीफ होते."

त्याला ते खरं वाटलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, आधीच सांगायचं होतं, मी तांत सैल केली असती. मग त्यानं माझी माफी मागितली. पाहुण्यांना त्रास झाला म्हणून.

बीनं वर पाहिलं. तिनं एक शब्द काढला असता तर — पण तिनं गाठोड्याची गाठ आवळली, माझ्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि उठली.

आणि मी चांदभाईला म्हणाले, असू दे.