रेतीखालचा पैसा

माशांच्या टाक्या बसवणारा तो माणूस माणसांपेक्षा माशांशी जास्त बोलायचा. नव्या टाकीच्या रेतीखाली शकुनाचा तांब्याचा पैसा पुरायचा. आमच्या आर्वीच्या दवाखान्यात त्यानं पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी बसवली आणि मासे पटापट मरू लागले.

डॉक्टर झाडूवाल्या मावशीवर ओरडले, "फिनाईलचा हात घातलास ना? उद्यापासून येऊ नको!"

पुराव्याशिवाय शिक्षा! माझं डोकं तापलं.

बोलावून घेतलेल्या टाकीवाल्यानं टाकीत कोपरापर्यंत हात घालून रेती उकरली. हिरवा पडलेला पैसा निघाला. तो आता गुपचूप खिशात टाकेल, असं मला वाटलं. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"मावशीले काऊन बोलून राह्यले, साहेब? खाऱ्या पाण्यात तांब्याचं जहर उतरलं. मासे मीच मारले."

त्यानं ओला हात शर्टाला पुसला.

"चाला, दोघंबी मावशीची माफी मांगू."